हाताला घाम येतो, म्हणून घरी बसवायचं?

एप्रिल लागला की उन्हाळी शिबिरांचे फलक दिसू लागतात. पोहणं, कराटे, नृत्य, आणि कुठे कुठे मल्लखांब नाहीतर जिम्नॅस्टिक्स. आई हौसेनं पोरीचं नाव घालते. पंधरा दिवसांत ऐकू येतं, "बंद केलं बाई तिचं. हाताला फार घाम येतो, दोरावरून घसरली." सर म्हणतात पोरगी घाबरट आहे, आजी म्हणते मुलीच्या जातीला कशाला ह्या माकडउड्या, आणि पोरगी गप्प. मैत्रिणींनो, हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही. मुलगी खेळात टिकणार की नाही, हे पुष्कळदा त्या ओल्या तळहातावरच ठरून जातं.

आधी हा घाम समजून घेऊ. आपल्या वर्ध्याचं ऊन काही लपलेलं नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. पण अंगाचा घाम वेगळा आणि तळहाताचा वेगळा. तळहातावर घामाच्या ग्रंथी दाटीनं असतात आणि त्या उन्हापेक्षा मनाच्या ताणानं जास्त पाझरतात. परीक्षेत पेपर हाती येताच हात ओले होतात, ते ह्यामुळेच. म्हणजे पोरगी घाबरली की हात घामेजतो, हात घामेजला की घसरतो, घसरला की ती आणखी घाबरते. अशा वेळी "घाबरट" म्हणून ओरडणं म्हणजे घामात भरच घालणं. आणि मग पोरगी हात ओला झाल्याचं सांगतच नाही, तशीच वर चढते. खरा धोका इथे आहे.

हात अगदी कोरडाठक असावा, असंही नाही. कुदळ मारणारा गडी हातावर थुंकून मग दांडा धरतो, ते उगाच नाही. किंचित ओलाव्यानं पकड वाढते, पाणी सुटलं की जाते. म्हणून जिम्नॅस्टिक्सवाले हाताला पांढरी खडूसारखी पूड लावतात, ती मॅग्नेशियम कार्बोनेटची. मल्लखांबात राळ वापरतात. दोन्हींचा पातळ थर पुरे. पुडीचे थरावर थर चढवले तर पुडीच घसरायला लागते. राळेनं एखादीच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं, तर पुडीच्या धुराळ्यानं दमेकरी मुलाला त्रास होतो. तेवढं लक्ष असू द्या.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं. घरातली टाल्कम पावडर पोरीच्या हाताला लावून पाठवू नका. पुष्कळ जणी मायेनं लावतात. पण टाल्क हा मुळातच गुळगुळीत पदार्थ, त्यानं हात सटकतो. तेच खोबरेल तेलाचं आणि क्रीमचं. वर्गाच्या दिवशी सकाळी हातापायाला तेल नको. नखं कापलेली, बांगड्या, अंगठी, पैंजण, लोंबतं कानातलं घरी. छोटा रुमाल सोबत, आणि दर फेरीआधी हात पुसायची सवय.

मल्लखांबाचं गणित थोडं वेगळं आहे. लाकडी खांबाला एरंडेल लावतात, अंग सोलवटू नये म्हणून. दोराच्या मल्लखांबात दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा असतो, म्हणजे पायाचा घामही तेवढाच महत्त्वाचा. हा दोर सुती. आपण तर कापसाच्या मुलखातले, सुताला पाणी किती लागतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वीस पोरांच्या घामानं तो दिवसभरात ओशट होतो. तो उन्हात वाळवतात का, वरच्या आकड्यापाशी सूत झिजलंय का, हे विचारायला संकोच कसला? खाली जाड गादी आहे का, दोन गाद्यांमध्ये फट पडते का, पोरगी वर असताना कोणी हात पुढे करून उभं असतं का, तेही बघा. सावरताना अंगाला हात लागतोच. म्हणून मुलींच्या वर्गाला एखादी ताई असावी, हा आग्रह धरा.

कपड्यांचंही मोकळेपणानं बोलू या. लोक काय म्हणतील म्हणून आपण पोरीला सैल सलवार घालून पाठवतो, ओढणी कमरेला गुंडाळतो. ते दोरात अडकतं आणि गुळगुळीत कापड मांडीवरून सरकतं. अंगाला नीट बसणारा पोशाख हा तिथे फॅशनचा प्रश्न नाही, पकडीचा आहे.

जिम्नॅस्टिक्समध्ये मोठ्या मुली बारवर चामड्याची पकडपट्टी वापरतात. ती पाहून लहानगी हट्ट धरेल. नवशिक्या मुलीला तिची गरज नसते. मापापेक्षा मोठी किंवा ताणून सैल झालेली पट्टी दांड्यावर अडकून मनगटाला भयंकर इजा होऊ शकते. थोरल्या बहिणीची धाकटीला, असं स्वेटरसारखं इथे चालत नाही. तळहाताला फोड येऊन साल निघाली, तर ती ओढून काढू नका. साबणानं धुवा, स्वच्छ पट्टी बांधा, आणि भरेपर्यंत बार बंद. "थोडं सहन कर" हे इथे लागू नाही.

काही मुलांच्या हाताला मात्र बसल्याजागीही घाम सुटतो, वहीचं पान भिजतं. हा विकार आहे आणि त्यावर औषधं आहेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवता येईल. तुरटी, लिंबू चोळून कातडी जाळून घेण्यापेक्षा ते बरं.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? बाळंभटदादा देवधरांनी पेशव्यांच्या काळात मल्लखांब वर आणला, तेव्हा तो पुरुषांच्या आखाड्यातला. आपल्या शेजारच्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, त्यांचा चमू 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये भारतीय खेळ दाखवून आला. आणि 2021 चा मल्लखांबाचा अर्जुन पुरस्कार मिळाला तो मुंबईच्या हिमानी परब हिला, एका मुलीला. तिच्याही तळहाताला घाम येतच असेल की!

शिबिराची फी भरायला जाल तेव्हा वेळापत्रक विचारताच ना? तसंच दोर आणि गादीही बघून या. दुपारच्या उन्हातला वर्ग असेल तर सकाळचा मागा. आणि संध्याकाळी पोरगी घरी आली की "काय शिकलीस?" याच्याआधी तिचे हात हातात घेऊन उलटे करून बघा.