प्रकाशाची साक्ष आणि रक्ताचा दाखला

गोव्याच्या नव्या काबिजादींतील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांत सकाळी उपाशीपोटी येऊन बाकावर बसलेल्या माणसांची रांग ज्याने पाहिली असेल, त्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतील आकडे वाचून विस्मय वाटला नसेल, दुःख मात्र झाले असेल. कारण प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण देशभर ११.४ टक्के असताना गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले.

अशा प्रदेशाने प्रकाशाच्या साह्याने शर्करा मोजणाऱ्या चिपेकडे आशेने पाहावे, हे स्वाभाविक आहे. नखाएवढ्या सिलिकॉनवर केसाहून बारीक प्रकाशवाहिनी कडीच्या आकारात कोरलेली असते. तीत ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश फिरत राहून साचतो, आणि लगतच्या द्रवात शर्करा वाढून त्याचा अपवर्तनांक किंचित पालटला की ती तरंगलांबीही किंचित सरकते. परंतु प्रथिने आणि क्षारही तोच फेरफार घडवितात, सबब केवळ शर्करेलाच धरणारा रेणू कडीवर बसवावा लागतो. शिवाय तापमान एका अंशाने चढले तरी शर्करेचा क्षीण संकेत झाकला जाऊ शकतो, आणि आमचा वैशाख तर सर्वांच्या परिचयाचा आहे. कडीला रक्ताचा, घामाचा वा त्वचेखालील द्रवाचा स्पर्श हवाच. त्वचेवरूनच साखर सांगण्याचा दावा करणारी घड्याळे ही निराळी वस्तू होय. अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. खोट्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा घेणाऱ्याचा प्राण धोक्यात येतो, म्हणून हा इशारा आमच्या बाजारपेठांतही ऐकला जावा.

माझे म्हणणे असे की, चिपेच्या या विद्येची कसोटी दूरच्या थंड प्रयोगशाळांवर न सोडता बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने ती याच दोन तालुक्यांत, खाणीच्या आणि शेताच्या कष्टांनी राठ झालेल्या बोटांवर, उन्हाळ्यात व पावसाळ्यात, प्रत्येक वेळी रक्ततपासणीचा दाखला शेजारी ठेवून घेण्याची तजवीज करावी, आणि निष्कर्ष मराठीत व कोकणीत प्रसिद्ध करावेत. कसोटीस उतरलेले यंत्र प्रथम उपकेंद्रात यावे, दुकानात मागाहून. तोपर्यंत रक्त तपासण्याच्या पट्ट्यांचा पुरवठा एकाही उपकेंद्रात खंडित होऊ नये, ही शिफारस या कसोटीच्या दप्तराच्या पहिल्याच पानावर असावी.