चकाकी हेही भांडवलच

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर घरी आलेली काळ्या रंगाची नवी मोटार दिवाळीच्या सुमारास उन्हात उभी केली, तेव्हा तिच्या बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसू लागल्या. गाडी कोठे घासली नव्हती, की अपघातही झाला नव्हता. त्या व्यापारी कुटुंबातील चिरंजीवांचा संशय रोज पहाटे गाडी पुसणाऱ्या माणसावर गेला व त्याला कामावरून काढावे, असे ठरले. घरातील आजोबांनी मात्र अगोदर त्याचे फडके मागवून घेतले आणि ते एका पांढऱ्या कागदावर झटकले. कागदावर बारीक रेती पडली. दहा गाड्यांना मिळून एक फडके व एक बादली, एवढीच त्या माणसाची सामग्री होती. आणि गाडी रोज पुसून चकचकीत दिसली पाहिजे, ही मागणी तर घरच्यांचीच होती.

गाडीच्या रंगावर सर्वांत वर जो पारदर्शक थर असतो, त्यास क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. चकाकी याच थराची. रस्त्यावरील धुळीत वाळूचे कण असतात व ते या थराहून पुष्कळ कठीण असतात. कोरड्या फडक्याने गाडी पुसली की हे कण कापड व रंग यांच्यामध्ये सापडून रंगावर घासले जातात आणि प्रत्येक फेऱ्यात नवी रेघ उमटते. पिसांच्या किंवा धाग्यांच्या झटकणीनेही हेच होते. मग रेघा घालविण्यासाठी पॉलिश करून घेतले जाते. परंतु अशा पॉलिशने रेघ भरून निघत नाही; तिच्या भोवतालचा थर झिजवून पृष्ठभाग समतल केला जातो. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर हे नफ्यातून नव्हे, भांडवलातून केलेले उचल-खाते आहे. ते वारंवार करता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. रोज कोरडे पुसणे बंद करावे व आठवड्यातून एकदा गाडी नीट धुवावी. त्यासाठी सकाळची वेळ उत्तम, मात्र सूर्योदयानंतरची. पत्रा थंड असल्याने साबण व पाणी त्यावर लगेच वाळत नाही, आणि उजेडात जमिनीवरील मुंग्या-किडे दिसत असल्याने पाणी ओतण्यापूर्वी जयणा पाळता येते. पाणी गाळून घ्यावे. आपल्या घरी ते जीवरक्षेसाठी गाळतात. येथे त्याच गाळण्याने पाण्यातील रेतीही अडते.

प्रथम गाडीवर छतापासून खाली साधे पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. या वेळी गाडीला हात लावू नये. पावसाळ्यातील प्रवासात पुढच्या भागावर चिकटलेले कीटक, पक्ष्यांची विष्ठा, तसेच पूजेचे वाळलेले कुंकू हे खरवडू नये. त्यावर ओले कापड काही मिनिटे ठेवले की ते भिजून सुटते. विष्ठा आम्लधर्मी असल्याने तिच्यासाठी आठवड्याची वाट पाहू नये.

नंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीसाठी असलेला सौम्य शाम्पू, दुसरीत साधे पाणी. भांड्यांचा साबण वापरू नये. तो रंगावरील मेणाचे संरक्षण काढून टाकतो. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून थोडा भाग धुवावा, मोजा दुसऱ्या बादलीत खळबळून त्यातील रेती खाली बसू द्यावी, मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. छत, काचा, बोनेट, दरवाजे आणि शेवटी खालचा भाग, असा क्रम ठेवावा. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल फिरवू नये. चाकांना ब्रेकची लोहमिश्रित धूळ चिकटलेली असते, म्हणून त्यांचे कापड कायमचे वेगळे असावे.

पाण्याचा हिशेबही येथेच पाहावा. मिनिटाला १० लिटर पाणी देणारी नळी १५ मिनिटे चालू ठेवली, तर १५० लिटर पाणी जाते. १५ लिटरच्या ३ बादल्या, म्हणजे ४५ लिटर, मग हाती घेतल्यास पुरेशा होतात.

धुण्याइतकेच वाळविणे महत्त्वाचे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते कापडाने गाळले जात नाहीत आणि पाणी उन्हात वाळले की पांढरे ठिपके मागे ठेवतात. म्हणून शेवटचे पाणी ओतताच जाड मायक्रोफायबरचा पंचा पसरून अलगद ओढावा किंवा टिपून घ्यावे. दाबून रगडू नये. पंचा जमिनीवर पडला, तर तो पुन्हा धुतल्याशिवाय वापरू नये. ठिपके राहिलेच, तर पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून हलक्या हाताने लावावे व लगेच धुवावे.

साहित्य खरेदी करताना आपल्या घरांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. गाडी टिपण्यासाठी शमॉय नावाचे जे पिवळसर कापड मिळते, ते अस्सल असेल तर कातड्याचे असते व ते माशांच्या तेलाने कमावलेले असते. त्याच नावाने मिळणारे कृत्रिम कापड वेगळे. काही हातमोजे मेंढीच्या लोकरीसह कातड्याचे असतात; काही मेणांत मधमाशांचे मेण असते. कार्नौबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते, ते चालू शकते. परंतु डब्यावर त्याचे नाव असले तरी इतर घटक वाचावेत.

त्या कुटुंबाने अखेर माणूस बदलला नाही. त्याला दोन बादल्या, एक मोजा, दोन पंचे व चाकांसाठी वेगळे फडके घेऊन दिले. रोजच्या पुसण्याऐवजी आठवड्याचे धुणे ठरले. पगार मात्र पूर्वीचाच राहिला. बोनेटवरच्या जुन्या रेषा अजून आहेत, परंतु त्यांत भर पडलेली नाही. गाडी आता रोज आरशासारखी दिसत नाही. तिच्यावर चार दिवसांची धूळ असते. आजोबा म्हणतात की, बसलेली धूळ काही बिघडवीत नाही, ती कोरडी रगडण्याची घाई बिघडविते. घरातील कोणावर दोष ठेवण्यापूर्वी आधी त्याच्या हाती आपण काय दिले आहे, हे पाहण्याची सवयही त्या घराला यानिमित्ताने लागली.