उडवू का, साहेब?

बोनस हातात पडला आणि १५०-६०० झूम लेन्स घेतली. दोन किलोचं धूड! पहिल्याच रविवारी भिगवण गाठलं. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, पण पोचेपर्यंत अकरा वाजले. (झोप, दुसरं काय!) उजनीच्या पाण्यापलीकडे रोहित उभे. ६००वर नेऊन धडाधड क्लिक केलं. घरी बघतो तर सगळे विरघळल्यासारखे. दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण दोष उन्हाचा होता. तापलेली हवा थरथरते, आणि लांब पल्ल्याची लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. तिथे स्टॅबिलायझरचं काही चालत नाही.

पुढच्या खेपेला सातलाच होडीत. गारठा, कोवळं ऊन, शटर १/१०००. नावाडी म्हणाला, ‘थव्यात घालू का होडी? उडताना पंख मस्त येतात, साहेब.’

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण थवा उडवला की त्यांचं खाणं मोडतं. आणि जवळच जायचं तर एवढे पैसे कशाला घातले? होडी लांबच थांबवली. वीस मिनिटं नुसतं बसून राहिलो, हात भरून आले. मग एक रोहित आपणहून चालत पुढे आला, मान वाकवून चोच उलटी चिखलात घातली. डोळा एकदम शार्प!

पंखांचा फोटो अजून बाकी आहे. रविवारी परत निघतोय. येताय?