हवापालट नव्हे, जागरण

मन बिघडले की लोणावळ्याची हवा खाऊन यावी, हा मध्यमवर्गाचा जुना उपाय. मराठी वाङ्मयीन अभिरुचीनेही तो निमूटपणे मान्य केलेला दिसतो. खचलेल्या तरुण नायकाला डोंगराच्या नाहीतर समुद्राच्या सान्निध्यात न्यायचे, चार पाने धुके उतरवायचे आणि अखेरीस त्याला ‘स्वतःचा शोध’ लागू द्यायचा! या समजुतीला आमचा ठाम विरोध आहे.

मावळच्या या घाटमाथ्याची ख्याती केवळ हवेची नाही. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, ते योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगाने तपासण्यासाठी. ती संस्था मनोरुग्णांसाठी नव्हती. पण निसर्गावर भार टाकून मोकळे होऊ नये, एवढा बोध तिथून निश्चित घेता येतो.

आत्महत्येच्या उंबरठ्यावरून परतलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या निवासी केंद्रात हवा राबत नाही, माणूस राबतो. गोळी खरोखर गिळली का हे पाहणे, न्हाणीघराचे दार फार वेळ बंद राहिले तर हाक मारणे, शिवी ऐकूनही आवाज न चढवणे आणि पाळी बदलताना रात्रीची प्रत्येक नोंद पुढच्याच्या हाती सोपवणे, हे त्याचे काम.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. त्यातील कासवाच्या प्रतीकावर समीक्षक भरभरून बोलतात. खचलेल्या तरुणाच्या अवतीभवती वावरणाऱ्या, किशोर कदम यांनी साकारलेल्या यदूवर कितीसे?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबतीत अधिक जाणता ठरतो. कलम ८७ नुसार दाखल झालेल्या अल्पवयीनाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने किंवा त्या प्रतिनिधीने नेमलेल्या परिचराने संपूर्ण काळ सोबत राहायचे असते. कलम १८ हाफवे होम आणि आधारयुक्त निवासांची जबाबदारी शासनावर टाकते. मात्र अठरावे वर्ष पूर्ण होताच ती सक्तीची सोबत संपते. वेदना वाढदिवस पाहून थांबत नाही. मग उशाशी उरतो तो पगारी कर्मचारीच, आणि त्याच्याविषयी आपले साहित्य जवळजवळ मुके आहे.

म्हणून अध्यापकांना आमचे सांगणे असे: वर्गात ‘वेड’ हे रूपक उलगडून दाखवाल तेव्हा आणखी एक प्रश्न फळ्यावर लिहा. या पात्राजवळ रात्रभर जागे कोण होते, आणि त्या जागरणाचे त्याला किती पैसे मिळाले?