कुणाच्या पानातले?

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. शाळेत पाढ्यांच्या चालीवर पाठ केलेले हे सहा शत्रू. या यादीत खादाडपणा नाही, हे आपल्या कधी लक्षात आले आहे का? ख्रिस्ती परंपरेत मात्र तो मानाच्या जागी बसलेला आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रिअस या संन्याशाने आठ दुष्ट विचारांची यादी केली, तिच्यात पहिला क्रमांक खादाडपणाचा. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी सात पापे सांगितली, त्यांतही तो टिकला. दान्तेने तर खादाडांसाठी नरकाचे तिसरे वर्तुळ राखून ठेवले. गार पावसात आणि चिखलात ते लोळत पडले आहेत आणि तीन तोंडांचा कुत्रा त्यांचे लचके तोडतो आहे. आदम-हव्वेचे पहिले पापही खाण्याचेच. फादर स्टीफन्सच्या १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे ती कथा मराठी ओवीतही आली.

मग आपल्याकडे खाण्याला मोकळे रान होते की काय? तसे वाटायला जागा आहे. लाडवांच्या पैजा मारणारे भोजनभाऊ आपल्या विनोदाचे लाडके विषय आहेत आणि पु. ल. देशपांड्यांचे ‘माझे खाद्यजीवन’ वाचताना कोणाही मराठी माणसाला पापाची आठवण होत नाही, भूकच लागते. कुणी म्हणेल, लोभात खादाडपणा आलाच की! पण मला वाटते, फरक याहून खोल आहे. किती खाल्ले हा प्रश्न आपल्या परंपरेने दुय्यम मानला. तिने विचारले, कुणाच्या पानातले खाल्ले?

एकचक्रानगरीची कथा घ्या. पांडव भिक्षा मागून आणत. तिच्यातला निम्मा वाटा एकट्या भीमाचा आणि उरलेल्या निम्म्यात कुंती आणि चौघे भाऊ. त्याच नगरीच्या वेशीबाहेर बकासुर. त्याला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस लागे. भूक दोघांचीही राक्षसी. पण एक राक्षस ठरला आणि दुसरा तारणहार. भीमाने तर बकासुराचे अन्न त्याच्या डोळ्यांसमोर बसून फस्त केले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. बकाचा गुन्हा गाडाभर भाताचा नव्हताच. गाडा हाकणाऱ्यालाही तो खात होता, हा त्याचा गुन्हा.

म्हणून भीम सुटला असे मात्र नाही. महाप्रस्थानिक पर्वात हिमालयाच्या वाटेवर तो कोसळतो आणि ‘मी का पडलो?’ असे विचारतो, तेव्हा धर्मराज त्याचे दोष सांगतो: फार खाल्लेस, बळाची बढाई मारलीस आणि दुसऱ्याकडे पाहिले नाहीस. या शेवटच्या शब्दांत मला आपली सारी खाद्यनीती दिसते. गीताही केवळ स्वतःसाठी अन्न शिजवणारा पाप खातो, असेच बजावते. अतिथी, गाय, कावळा यांचा वाटा काढल्यावर गृहस्थाने जेवावे, हा नियम त्यातूनच आला.

अर्थात नियम पुस्तकात होता आणि पान चुलीपाशी होते. खऱ्या अर्थाने सर्वांच्या शेवटी जेवली ती घरातली बाई, आणि तळाशी उरेल तेवढेच. शिवाय दुसऱ्याचा वाटा गिळणारा खादाडपणा धर्माचेच सोवळे नेसून दारात आला, तर त्याला कोण अडवणार? जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले ते नेमके यावर. कुणब्याच्या गर्भार बायकोला ग्रहांची भीती घालून जोशीबुवा ब्राह्मणभोजन उकळतो. पोटुशी बाई कोण आणि तूपभात कुणाच्या पोटात, हे फुले आपल्याला उघड्या डोळ्यांनी पाहायला लावतात. नाटकाच्या अखेरीस ते जोडपे रात्रीच्या शाळेत जायला निघते. खादाडपणावर इतका नेमका उतारा कुठल्याही धर्मग्रंथात मला आढळलेला नाही.

आपली भाषा याबाबत शास्त्रांहून शहाणी आहे. मराठीत लाच खातात, व्याज खातात, कमिशन खातात. ‘त्याने पैसे खाल्ले’ म्हटले की कुणालाही खुलासा लागत नाही. या खाण्याच्या टोकाला ‘मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हा भयंकर वाक्प्रचार उभा आहे.

आणि मेलेल्याचे खरोखरच हिरावून घेणारा माणूस मराठी साहित्यात आहे. त्याचेही नाव भीमच! अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा. मुंबईच्या उपनगरात खाणीवरचे काम बंद पडते आणि पोटासाठी तो रात्री थडगी उकरून प्रेतांवरचे सोने काढू लागतो, कोल्ह्यांशी झुंजतो, शेवटी बोटे गमावतो. त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू होते. या भीमाला दान्तेच्या कुठल्या वर्तुळात टाकाल? शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) आजी शेणातून निवडलेल्या ज्वारीची भाकरी खाते. त्या भाकरीसमोर खादाडपणाच्या साऱ्या यादीच लाजतात.

तरीही ‘हावरट’, ‘अधाशी’ हे शब्द आपण कुणासाठी राखून ठेवले आहेत? आमच्या बदलापुरात लग्नसराईत मंगल कार्यालये ओसंडून वाहतात. अशाच एका लग्नात, ताट भरून निम्मे टाकून देणाऱ्या पाहुण्यांचे ‘खवय्ये आहेत हो!’ असे कौतुक चालले होते, आणि खरकटी ताटे गोळा करणाऱ्या पोराने कोपऱ्यात एक जिलबी तोंडात टाकली, तेव्हा ‘हावरट मेला’ हे शब्द मी ऐकले. श्रीमंताची भूक ही रसिकता आणि गरिबाची भूक हे दुर्गुण!

याच गावाने दुसरे पानही वाढलेले आहे. २६-२७ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली, आजूबाजूच्या गावकऱ्यांनी मदतीला धाव घेतली आणि सुटलेल्यांची सोय बदलापुरातल्या एका मंगल कार्यालयात झाली. आहेर नाही, आमंत्रण नाही, कुणाचे गोत्र विचारणे नाही. ‘दुसऱ्याकडे पाहणे’ म्हणजे काय, ते मला कुठल्याही भाष्यापेक्षा त्या पंगतीत अधिक समजते.

पण पूर ओसरला की प्रश्न उरतोच. आमचा हेंद्रेपाडा नदीच्या अंगाचा. पावसाळ्यात इथली म्हातारी माणसे पाण्याकडे बघत म्हणतात, ‘नदी खाल्ली!’ भराव टाकून, वाळू उपसून कुणीतरी नदीचे पान ओढून घेतले आणि तिने आमच्या ओट्यावर येऊन आपला वाटा मागितला, असा त्यांचा हिशेब. त्यांना सात पापे ठाऊक नसतील, सहा शत्रूही आठवत नसतील. पण क्रियापद त्यांनी अचूक निवडले आहे.

हल्ली आपण खाण्याचा विचार पुष्कळ करतो. वजनकाटा, कॅलरी, साखर, उपासाचे नवनवे प्रकार. तब्येतीसाठी ते ठीकच; पण तेवढ्यावर नीती संपत नाही. काटेकोर मिताहारी माणूसही एखादे धरण, एखादी टेकडी, एखाद्या मजुराची मजुरी सहज पचवू शकतो, आणि त्याचे पोट कुठेही सुटलेले दिसत नाही. षड्रिपूंच्या यादीत सातवा शत्रू घालावा, अशी माझी मागणी नाही. पानावर बसताना एवढेच पाहावे की शेजारी पान मांडले आहे की नाही, आणि नसेल तर ते कुणी उचलले.