नवरंगाला हवा पाचोळा

हिवाळ्याच्या तोंडावर उत्तरेकडून दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे निघालेला नवरंग वाटेत बेंगळुरूतही उतरतो. हिरवी पाठ, बदामी पोट, डोळ्यावरून गेलेली रुंद काळी पट्टी, पंखावर निळा ठिपका, आखूड शेपटीखाली लालभडक रंग; असा पक्षी लपणार तरी कसा? पण तो झाडांखालच्या सावलीत पाचोळा उलटून किडे टिपतो, आणि तेथे हे सारे रंग विझतात. म्हणून जाणकार आधी कान लावतात. त्याची दोन सुरांची खणखणीत शीळ पहाटे व संध्याकाळी ऐकू येते. तमिळमध्ये त्याला ‘आरुमणि कुरुवी’, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, म्हणतात.

थकून उतरलेल्या पाहुण्याला ध्वनिफीत वाजवून छायाचित्रासाठी पुढे ओढणे, हा कसला पक्षिप्रेमाचा प्रकार? त्याहून मोठी चूक मात्र झाडूची आहे. शहरी उद्यानांत पाचोळा म्हणजे कचरा, असे गृहीतच धरलेले असते. तो रोज गोळा केला की त्याखालचे किडेही जातात आणि नवरंगाच्या वाट्याला नुसती टणक माती येते. लालबाग असो वा कब्बन पार्क, दाट झाडीचा एखादा कोपरा ऑक्टोबर ते मे न झाडता ठेवावा. त्याला खर्च नाही. उलट श्रम वाचतात.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि तो मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. नवरंग दिसल्याची नोंद करताना त्याच्या पायाखाली काय होते, पाचोळा की झाडलेली जमीन, तेही लिहावे. उद्यान खात्यापुढे ठेवायला तोच पुरावा उपयोगी पडेल.