शेततळे भरते कुठल्या पाण्याने?



‘गावोगाव शेततळी वाढवा’ हे मागील अंकातील पत्र वाचले. लेखकाची तळमळ खरी आहे. पण पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवणारे तळे आणि प्लास्टिकचा कागद अंथरून विहिरी-बोअरच्या पाण्याने भरलेले तळे, यांत त्यांनी फरक केलेला नाही. दुसऱ्या प्रकारात जमिनीखालचे, सगळ्यांच्या वाट्याचे पाणी मोटार लावून एकाच्या मालकीचे होते. उन्हात त्याची वाफ होते ती वेगळीच.

‘गावाने नियम केले तरी पाळतो कोण?’ असे ते विचारतात. पण नियम पाळले गेल्याची उदाहरणे आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढा. भूमिहीनांनाही हक्क होता, उसाला मनाई होती. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यामुळे पैसेवाल्याला गावाचे पाणी विकत घेता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी आहे आणि पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून ग्रामसभा पिके ठरवते.

शेततळ्याला अनुदान मंजूर करण्याआधी ते कुठल्या पाण्याने भरणार, हे ग्रामसभेत विचारून नोंदवावे, अशी माझी मागणी आहे.

– एक शेतकरी वाचक, पुणे जिल्हा